तरफ, हातोडा आणि गारी नदी

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहायचा रिवाज आहे. मी तो मोडतोय. विज्ञानाच्या तासाला फळ्यावर काढतात ती तरफ गोळीबारात कशी वापरली गेली, तेवढंच लिहितो.

११ मे १९४४, रात्री अकरा. इटलीत कॅसिनोजवळ तोफा धडाडल्या आणि आठवी भारतीय डिव्हिजन होड्यांतून गारी नदी ओलांडू लागली. पलीकडे उतरलेल्या पायदळामागून रणगाडे गेले नाहीत, तर उजाडल्यावर त्याची धडगत नव्हती. म्हणजे पूल हवा, तोही ताबडतोब. हे काम सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर जवानांचं.

पूल बेली जातीचा, म्हणजे तयार पोलादी चौकटी (पॅनेल) जोडून उभा करायचा. एक पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन सुमारे २६० किलो. सहा जण दांड्या घालून ते उचलतात; एकाला गोळी लागली की भार उरलेल्या पाचांवर. पॅनेलची टोकं एकमेकांत बसवून भोकांतून पोलादी पिन ठोकायची. पिन जात नसेल तर दोष बहुधा पिनेचा नसतो, खालचे रोलर समपातळीत नसतात. रोलर मांडताना केलेली घाई पुढे दामदुपटीनं वसूल होते.

आता तरफ. पूल अलीकडच्या काठावरच जोडून रोलरवरून पुढे ढकलतात. पुढच्या टोकाला बिनफळ्यांचा हलका सांगाडा असतो, त्याला 'नोज' म्हणतात. काठावरचा रोलर हा तरफेचा टेकू; नोज पलीकडे टेकेपर्यंत सगळ्याचा गुरुत्वमध्य त्या रोलरच्या मागेच राहायला हवा. हिशेब चुकला की पूल नाक खुपसून पाण्यात. अधांतरी नोज वजनानं खाली झुकतो, म्हणून त्याला आधीच थोडा वर उचल देतात.

त्या रात्री धूर आणि धुकं एकत्र झाल्यानं समोरचं दिसत नव्हतं. पण हातोड्याचा आवाज धुक्यात लपत नाही. शत्रू मॉर्टर (उखळी तोफा) त्या आवाजावरच लावतो. पायदळाचा जवान निदान जमिनीला चिकटून गोळी झाडू शकतो. सॅपरचे दोन्ही हात पॅनेलला, आणि पिन ठोकायला उभंच राहावं लागतं. माझ्या मते ही धिटाई वेगळ्याच जातीची.

१२ मेच्या सकाळी 'ऑक्सफर्ड' पूल खुला झाला. 'प्लिमथ' या दुसऱ्या पुलाच्या जागी युक्ती निराळी होती. कॅनडाच्या कॅप्टन किंग्समिलनं वरचा तोफेचा बुरूज काढलेल्या शर्मन रणगाड्यावर तयार बेली पूल लादला आणि मागून दुसऱ्या रणगाड्यानं तो रेटला. पुढचा रणगाडा सरळ नदीत उतरवला, आणि त्याच्या पाठीवरून पूल पलीकडच्या काठाला लागला.