राजीनाम्यावर सही केली नाही, म्हणून भत्ता मिळाला

अंधेरी एमआयडीसीतल्या एका गारमेंट एक्स्पोर्ट युनिटमध्ये मी 14 वर्षं काजबटणाच्या मशीनवर होते. 2022 च्या दिवाळीनंतर माल कमी यायला लागला. मास्तर म्हणाले, युरोपचं गिऱ्हाईक आता बांगलादेशातून शर्ट घेणार. तिथल्या मालाला युरोपात जकात नाही, आपल्याला आहे. जानेवारीत मशीनच्या टेबलांवर खडूने नंबर पडले. माझ्या टेबलावर 31. तेव्हाच समजले, आता कारखाना बंद होणार.

फेब्रुवारीत एचआरवाल्यांनी एकेकीला केबिनमध्ये बोलावलं. समोर टाइप केलेला कागद : 'वैयक्तिक कारणास्तव नोकरीचा राजीनामा देत आहे.' तारखेची जागा कोरी. "सही करा ताई, आठवड्यात सगळा हिशोब खात्यात येईल. नाही केलीत तर वर्षानुवर्षं खेटे घालाल." आम्ही 68 जण होतो, निम्म्याहून जास्त जणांनी सही केली. त्यांना दोष कसा द्यायचा? खोलीचं भाडं कुणासाठी थांबत नाही.

मी घरी दाखवते म्हणून कागद घेऊन आले. माझे सासरे गिरणी कामगार, 1982 च्या संपात नोकरी गेली. गिरणीचं तिकीट, पगाराच्या चिठ्ठ्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या, आणि पुढे म्हाडाच्या घराच्या अर्जाला तेच कागद लागले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "कंपनी बंद होतेय की तू सोडतेयस?"

सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात होती. काम परदेशात गेलं म्हणून मदत, अशी वेगळी योजना आपल्याकडे नाही. पण पगार 21,000 च्या आत असेल तर आपण ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असतो, आणि ईएसआयची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 पासून आहे. कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली आणि किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असेल, तर बेरोजगारी भत्ता मिळतो : पहिले 12 महिने सरासरी पगाराच्या निम्मा आणि पुढचे 12 महिने पगाराच्या पाव. त्या काळात घरच्यांचे औषधपाणीही चालू राहते. राजीनामा दिलेल्याला यातलं काही नाही. पगारातून दर महिन्याला ईएसआय कापून जायचा, पण हे मला 14 वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. युनियनमधल्या एका काकांकडून कळलं.

त्यांच्यासोबत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेले. 50 किंवा जास्त कामगार असतील तर कारखाना बंद करण्याआधी मालकाने सरकारला 60 दिवसांची नोटीस द्यावी लागायची. आमच्या कंपनीने ती दिली होती! म्हणजे सरकारला लिहायचं 'कारखाना बंद', आणि आमच्याकडून लिहून घ्यायचं 'वैयक्तिक कारण'. त्या नोटिशीची प्रत मिळवली. सगळ्या धावपळीत हाच कागद सर्वात जास्त कामाला आला.

कारण पुढची अडचण त्यानेच सुटली. मे महिन्यात ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज घेऊन गेले तर खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. माझ्या नावापुढे 'लेफ्ट सर्व्हिस', म्हणजे नोकरी सोडली. कंपनी दर महिन्याची वर्गणी ऑनलाइन भरते, तेव्हा काम नसलेल्या माणसापुढे एक कारण निवडावं लागतं. 'रिट्रेंचमेंट', म्हणजे कामगार कपात, असाही पर्याय असतो. मी सही न करताही कंपनीने मला सोडून गेलेली दाखवलं होतं. त्या बाईंनीच सांगितलं, नोटिशीची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मी दिला. कार्यालयाने कंपनीला पत्र पाठवलं. चार महिने दर पंधरा दिवसांनी जात राहिले, डब्यात पोळीभाजी घेऊन. सप्टेंबरमध्ये नोंद बदलली.

ग्रॅच्युइटीसाठी फॉर्म आय, म्हणजे ती मागायचा अर्ज, भरून कंपनीला दिला. हिशोब घरीच करता येतो : मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून माझे 13,000, त्याला 15 ने गुणून 26 ने भागलं की 7,500, गुणिले 14 वर्षं म्हणजे 1,05,000. कंपनीने आधी 80,000 सांगितले होते. हिशोब लिहून दिल्यावर पूर्ण दिले. बंदीची भरपाई, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, ती कामगार अधिकाऱ्यांसमोर बसून मिळाली. पीएफ ऑनलाइन निघाला. पेन्शनचा भाग दहा वर्षांच्या वर नोकरी झाल्याने काढता येत नाही, त्याचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी झालेल्या नोकरीचा दाखला, घेतलं.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. त्यात कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात 15 दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकता यावं म्हणूनचा निधी) 45 दिवसांत यायची तरतूद आहे. आज कुणाची कपात होत असेल तर तेही लेखी मागा.

भत्ता जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला ईएसआयच्या दवाखान्यात रांगेत होते. पुढे आमच्या कारखान्यातल्या दोघीजणी उभ्या होत्या, ज्यांनी त्या दिवशी सही केली होती. त्यांना मेसेज दाखवताना हात कापत होता. कोऱ्या तारखेच्या कागदावर सही घेतली, असं त्यांनीही आता लेखी दिलंय. नोटिशीची माझ्याकडची प्रत त्यांच्या अर्जाला जोडली आहे. मंगळवारी कामगार भवनात त्यांची तारीख आहे, मी सोबत जाणार आहे.