चौकटीचं चौथं लाकूड

दाराची चौकट सांगितली की हल्ली सुतार तीनच लाकडं आणतो. दोन उभी, एक वरची आडवी. मग हिला चौकट का म्हणायचं, हे कुणी विचारत नाही. चौथं लाकूड म्हणजे उंबरा. तो घरातून गेला, शब्दातून मात्र गेलेला नाही.

जुन्या बांधकामात भिंत आधी आणि दार मागून असा क्रम नव्हता. जोतं भरून झालं की चौकट उभी करायची, ओळंबा धरून तिला टेकू द्यायचे आणि मग दोन्ही अंगांनी भिंत चढवत न्यायची. ओल्या माती-विटांचं वजन चौकटीच्या उभ्या लाकडांना आत ढकलतं. वरची गणेशपट्टी आणि खालचा उंबरा त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. या दोन आडव्या लाकडांची टोकं वीतभर बाहेर काढून भिंतीत पुरलेली असत, म्हणून पुढे भिंतीची माती सुटली तरी चौकट हलत नसे. शिवाय चार-सहा इंच उंचीच्या उंबऱ्याने अंगणातली धूळ अडायची, पावसाचे शिंतोडे अडायचे आणि विंचवाला दारातून सरळ आत येता यायचं नाही. उंबरा कुजायचाही सगळ्यांत आधी, कारण ओल खालून येते आणि वाळवीही. पाय पडून पडून तो मधोमध खोलगट व्हायचा. मग त्यावर लोखंडी पट्टी ठोकायची. सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणं ही अतिशयोक्ती वाटते ती ग्रॅनाइटवर वाढलेल्यांना. लाकूड खरंच झिजतं.

संस्कृतात उदुंबर हा शब्द झाडासाठीही आहे आणि दाराच्या उंबऱ्यासाठीही. मराठीत मात्र या एका लाकडावर सगळा संसार तोललेला आहे. लग्न झालेली मुलगी तो ओलांडून आत येते, बंडखोर मुलगी तो ओलांडून बाहेर पडते, कुणी साठीच्या उंबरठ्यावर उभं असतं. ही सगळी वाक्यं बोलणाऱ्या बहुतेकांच्या घरात आता सपाट टाइल्स आहेत आणि पाय उचलावा लागत नाही.

घराचे भाग आणि माणसांचे स्वभाव मराठीने इतके एकमेकांत गुंतवले आहेत, की जुन्या घराचा नकाशा माहीत नसेल तर निम्म्या म्हणी नुसत्या पाठ करायच्या राहतात. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा' हा माणूस वासेच का मोजतो? भिंतीवरचे कोनाडे का मोजत नाही? कारण जेवण झाल्यावर पाहुणा ओटीवर आडवा होतो आणि तिथे छताला खालून काहीही लावलेलं नसतं. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरत आलेले वासे, त्यांवर आडव्या रिपा, वर कौलं, सगळं उघडं. वासे दीड-दोन फुटांवर असले की घर तालेवार. अंतर वाढत गेलं, मधे एखादा बांबू दिसला, की यजमानाचा हात आखडलेला. पोट भरलेल्या माणसाला उताणं पडल्या पडल्या घराची ऐपत वाचता येते, आणि तो वाचतो. पीओपीच्या सीलिंगखाली ही कृतघ्नता करताच येत नाही. तिथे फार तर एलईडी मोजता येतील.

'घर फिरलं की वासेही फिरतात' यात तर सुतारकामच आहे. वासा वर आढ्याला टेकतो आणि खाली भिंतीवरच्या आडव्या लाकडाला. खांबाखालचा दगड, म्हणजे तळखडा, एका बाजूने खचला की खांब कलतो, आडवं लाकूड सरकतं आणि त्यावर बसलेला प्रत्येक वासा आपल्या जागेवर पिळला जातो. तोवर त्यांच्यात काहीही दोष नसतो. नातेवाइकांना नावं ठेवायला ही म्हण वापरतात, पण वाशांची बाजूही ऐकून घ्यायला हवी: पाया आधी हलला होता.

आणि 'कुठेतरी पाणी मुरतंय'. या 'कुठेतरी'ला फार अर्थ आहे. कौलारू घरात गळती जिथे दिसते तिथे ती जवळजवळ कधीच नसते. फुटलेल्या कौलातून आलेलं पाणी रिपेवर पडतं, रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाखालून घरंगळत उताराने पाच-सहा हात खाली जातं आणि एखादी गाठ किंवा खिळा आडवा आला की तिथे ठिबकतं. खाली बादली ठेवणारा डोक्यावरचं कौल बदलतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली ठेवतो. शोधायचं तर डागापासून वाशाच्या कडेने वर, आढ्याच्या दिशेने चढत जायचं. छपराची दोन पाखी, म्हणजे दोन उतार, जिथे खाली मिळतात ती पन्हळ आधी तपासायची, कारण तिथे पाला अडकतो आणि पाणी तुंबून मागे चढतं. नळ्याच्या कौलांना खिळा नसतो. एक उताणं, एक पालथं, नुसत्या वजनावर बसलेली. मांजराच्या पळापळीनेही ती सरकतात, मग माकडांचं काय सांगावं. म्हणून दर उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत, घर शाकारायचं, म्हणजे कौलं पुन्हा नीट बसवून घ्यायची. मंगळुरात बासेल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारी, अडीच किलोच्या आसपासची मंगळुरी कौलं हळूहळू कोकणभर पसरली. शाकारणी तेव्हापासून आटोक्यात आली. शब्दही आता विरत चाललाय.

छपराकडून जमिनीकडे आलं की प्रकरण अवघड होतं. कोकणातलं घर आडवं कापून पाहिलं तर ते चढत जातं: अंगण, मग दोन-तीन पायऱ्या, पडवी, आणखी एक पायरी, ओटी, उंबरा, माजघर. देशावर ओसरी असते, कोल्हापूरकडे सोपा, मराठवाड्यात ढेलज. नावं वेगळी, काम एकच, येणाऱ्याला कुठवर येऊ द्यायचं ते ठरवणं. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण ओसरीवर थांबण्याचा अलिखित करार मोडणाऱ्याबद्दल आहे. 'पायरी ओळखून वागणं' हा वाक्प्रचार आपण हल्ली ऑफिसातल्या ज्युनिअरबद्दल वापरतो, पण ती पायरी एके काळी खरोखरची, दगडाची होती. कुणी अंगणात उभं राहून बोलायचं, कुणी पडवीत टेकायचं आणि कुणाला ओटीवर बसायला पाट मिळायचा, हे जातीवरून ठरलेलं असे. वाड्यांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी अंगणातून ते घर कसं दिसत असेल याचाही विचार करावा.

आतल्यांनाही आत होतंच असं नाही. पाळी आलेल्या बाईला मराठीत 'बाहेरची' म्हणतात. ती 'बाहेर बसते', 'लांब बसते'. हे नुसते लाजेपोटी केलेले आडपडदे नाहीत, नकाशावरचे पत्ते आहेत. मागच्या पडवीतला कोपरा किंवा वेगळी खोली, वेगळं अंथरूण, वेगळा तांब्या. पुढे ती खोलीच राहिली नाही. साडेतीनशे चौरस फुटांच्या वन आरकेमध्ये 'बाहेर' म्हणजे थेट जिन्यावर. तरी शब्द टिकले, आणि बऱ्याच घरांत शब्दापाठोपाठ नियमही टिकला, फक्त तो सोफ्यापुरता आणि देव्हाऱ्यापुरता आखूड झाला.

परभाषेतले शब्द घरात शिरले ते मात्र पाहुण्यांच्या रीतीने, आधी बाहेरच्या बाजूला. दरवाजा, दिवाणखाना, दालन, कमान हे फारसीचे, आणि ढेलज म्हणजे फारसी दहलीज. हौद आणि मजला अरबीचे. म्हणजे जिथे पुरुष बसत, हिशेब होत, कारभारी येत, तिथपर्यंत दरबाराची भाषा पोचली होती. उंबऱ्याच्या आत माजघर म्हणजे मधलं घर, देवघर, चूल, उखळ, जातं, सगळी आपल्या बोलीतली नावं. पोर्तुगिजांकडून चावी आली आणि गवंड्याचं घमेलं आलं. इंग्रजीने मात्र पडवीत थांबायचं सौजन्य दाखवलं नाही. गॅलरी आणि हॉल झाल्यावर ती थेट बेडरूम, किचन आणि टॉयलेटपर्यंत गेली. आज फ्लॅटमध्ये सगळ्यांत आतली खोली सगळ्यांत इंग्रजी असते, तिचं नाव मास्टर बेडरूम.

या उलथापालथीत एका शब्दाने उलटा प्रवास केला. ओटा हा दारापुढचा, गप्पांचा, बहुतेक पुरुषांचा. चूल जमिनीवर होती, स्वयंपाक बसून होत असे, आत ओट्याचं कामच नव्हतं. उभ्याने स्वयंपाक सुरू झाला आणि बाहेरचा ओटा थेट किचनमध्ये येऊन बसला, वर काळा ग्रॅनाइट पांघरून. त्याची उंची बिल्डर सरसकट ३४ इंच ठेवतो, खोली २४. करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा, असा साधा हिशेब आहे. पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बाईला ३४ इंच जास्त होतात, लाटताना खांदे वर चढतात आणि मान धरते. ३२ इंच सांगून करून घेता येतो, फक्त खालच्या ट्रॉल्या मागवण्याआधी सांगावं लागतं.

चाळीने वेगळंच व्याकरण केलं. मुंबईत १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी एकूण २०७. एकेका इमारतीत चार मजले मिळून ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. मधोमध पॅसेज, दोन्हीकडे दारं. इथे ओटी-माजघर असा उतरंडीचा प्रश्नच नव्हता, कारण आत यायला 'आत' एवढंच. मोरीपुढचा पडदा हीच काय ती भिंत. दिवसा दार उघडंच असायचं. ते लावलेलं दिसलं की आजारपण, भांडण किंवा गावाला गेलेत, असे तीन अर्थ निघत. आता वरळीतल्या बीडीडी चाळींच्या जागी त्याच माणसांना ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळू लागलेत आणि तिथे अर्थ उलटे लागतात. दुपारी कुणाचं दार उघडं दिसलं तर शेजारी आधी वॉचमनला फोन करतात.

इकडे उंबरा अगदीच नाहीसा झालेला नाही. मुख्य दारापाशी चार इंच रुंदीची ग्रॅनाइटची पट्टी टाकून घेतात, पाऊण इंच वर. तिला गवंडी आणि मालकीणबाई दोघंही उंबराच म्हणतात. हळदीकुंकू तिच्यावर होतं, लक्ष्मीची पावलं तिच्या आतल्या बाजूला स्टिकरची. घरात केर काढणारा यंत्रमानव असेल तर आतल्या दारांच्या पट्ट्या घासून कमी करून घ्याव्या लागतात, कारण पाऊण इंचावर तो बरेचदा अडतो आणि तिथेच गोल फिरत बसतो. लग्नाच्या दिवशी खरी पंचाईत होते. तांदळाचं माप उंबऱ्यावर ठेवायचं, पण चार इंचांच्या गुळगुळीत पट्टीवर ते बसत नाही, नवरीचा पाय लागायच्या आधीच घसरतं. मग कुणीतरी जाणती बाई ते उचलते आणि दोन बोटं आत, टाइलवर सरकवून ठेवते.