परतीची तारीख आधी ठरवा

न्यू जर्सीतले १४ वर्षांचे बिऱ्हाड आवरून आम्ही मे २०२२ मध्ये पुण्यात परत आलो, आणि तेव्हापासून अमेरिकेतली परिचित मंडळी मला एकच प्रश्न विचारत आली आहेत : "आमचेही परत यायचे नक्की झाले आहे, तर तयारी कुठून सुरू करायची?" विचारणाऱ्यांना बहुधा सामानाच्या यादीची अपेक्षा असते. सामानाबद्दल मी एवढेच सांगते की तिकडची १२० व्होल्टची उपकरणे इथल्या २३० व्होल्टवर चालत नाहीत, म्हणून ती तिथेच देऊन टाकावीत. खरी तयारी परतीच्या तारखेपासून सुरू होते, कारण पुष्कळ कामे त्या तारखेच्या अलीकडे सहज होतात आणि पलीकडे गेली की अवघड होऊन बसतात.

तारीख ठरवताना दोन सल्ले एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. करसल्लागार सांगतो की ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर या. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्यामुळे, आधीच्या चार वर्षांत भारतात एकूण ३६५ दिवसांपेक्षा कमी राहिलेला माणूस त्या वर्षात १८२ दिवस पूर्ण होऊ देत नसेल, तर आयकराच्या दृष्टीने तो वर्षभर अनिवासीच राहतो. मात्र त्याच वर्षी उन्हाळ्यात भारतात येऊन गेला असाल, तर तेही दिवस मोजले जातात. शाळा सांगते की एप्रिलमध्ये किंवा जूनमध्ये या, कारण सीबीएसईचे वर्ष एप्रिलच्या सुमारास आणि राज्य मंडळाचे जूनमध्ये सुरू होते. आम्ही शाळेचे ऐकले. आमचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि सहामाही परीक्षेच्या तोंडावर, मैत्रीचे गट जमून गेलेल्या वर्गात त्याला नेऊन बसवणे मला पटत नव्हते. करात आमचे फारसे नुकसानही झाले नाही. ज्यांना मुलांच्या शाळेचा प्रश्न नाही, त्यांनी ऑक्टोबर जरूर पाहावा.

नुकसान का झाले नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या, किंवा मागील सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून अधिक न राहिलेल्या व्यक्तीला आयकर कायदा लगेच पूर्ण निवासी मानत नाही. या मधल्या दर्जाला सगळे आरएनओआर म्हणतात. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना तो साधारण दोन वर्षे, क्वचित तीन वर्षे मिळतो, आणि त्या काळात परदेशातले व्याज, लाभांश किंवा शेअरविक्रीचा नफा यांवर भारतात कर लागत नाही. अमेरिकेच्या करकायद्याने अनिवासी झालेल्या माणसाला तिकडचे शेअर विकून होणाऱ्या नफ्यावर तिथेही सहसा कर द्यावा लागत नाही, म्हणून विकायचे असेल ते याच काळात विकावे. तुमच्याकडे अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर तिकडचा कर सुरूच राहतो. अशांनी भारतीय म्युच्युअल फंड घेण्यापूर्वी तिकडच्या करसल्लागाराला अवश्य विचारावे, कारण अमेरिकी नियम अशा फंडांवर फार जाचक कर लावतात. अमेरिकी कंपनीचा पगार या काळात इथे करमुक्त असतो, असा आणखी एक गैरसमज वारंवार कानावर येतो. प्रत्यक्षात पुण्यात बसून अमेरिकी कंपनीचे काम केले, तर तो पगार भारतात कमावलेला धरला जातो आणि त्यावर पहिल्या दिवसापासून इथे कर लागतो. आरएनओआरची सवलत तिथे उपयोगी पडत नाही.

बँकेचा नियम वेगळा आहे आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते. परकीय चलनाचे व्यवहार पाहणारा फेमा कायदा दिवस मोजत बसत नाही. कायमचे राहायच्या हेतूने आलात की तुम्ही त्याच्या लेखी निवासी झालात. त्यानंतर एनआरई खाते (अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते) तसेच चालू ठेवता येत नाही, आणि त्याचे व्याजही करमुक्त राहत नाही. बँकेला कळवून ते साध्या निवासी खात्यात बदलावे किंवा रक्कम आरएफसी खात्यात (निवासी व्यक्तीच्या परकीय चलनातल्या खात्यात) वळवावी. आरएनओआर असेपर्यंत आरएफसीचे व्याज करमुक्त असते. एफसीएनआर ठेव (अनिवासी भारतीयांची परकीय चलनातली मुदत ठेव) मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहू शकते. तिकडची खाती आणि घर आपल्याकडे ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, पण पूर्ण निवासी झाल्यावर विवरणपत्रात त्यांची नोंद करावीच लागते. ती चुकली, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.

आता ज्याची कोणी आठवण करून देत नाही, अशी एक गोष्ट सांगते. निघायच्या दिवशी आम्ही तिकडचे मोबाइल नंबर बंद केले. पुण्यात आल्यावर चौथ्या दिवशी घराच्या अनामत रकमेसाठी पैसे पाठवायला बसलो, तेव्हा तिकडच्या बँकेने सहा आकडी ओटीपी त्याच बंद नंबरावर पाठवला. त्यांचे कार्यालय आपल्या संध्याकाळी साडेसहाला उघडते. नंबर बदलून द्या म्हटले, तर त्यासाठी जुन्याच नंबरावर ओटीपी येणार, असे उत्तर मिळाले. नोटरीचे कागद कुरिअरने पाठवून तो गुंता सुटायला सात आठवडे लागले, आणि तेवढे दिवस अनामतीसाठी भावाकडून उसने घेतलेले पैसे अंगावर राहिले. म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी तिकडचा नंबर इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेकडे पोर्ट करा, आणि प्रत्येक बँकेचा ओटीपी तिथे येतो की नाही, हे एकेक करून तपासा.

आरोग्य विम्याचे काम तर परतण्याच्या दोन-तीन वर्षे आधी करावे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावू शकते (२०२४ पूर्वी तो चार वर्षांपर्यंत होता), आणि हा काळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो, तुम्ही भारतात आल्यापासून नव्हे. माझ्या नवऱ्याला रक्तदाबाचा त्रास आहे. २०१९ च्या डिसेंबरात सुट्टीवर आलो असताना तपासण्या करून, रक्तदाबाची नोंद अर्जात स्पष्ट लिहून आम्ही पॉलिसी घेतली. परतलो तेव्हा प्रतीक्षाकाळाचा बराच भाग सरून गेला होता. नोकरी लागली की कंपनीचा विमा मिळेल, या भरवशावर राहू नका. चाळिशी उलटल्यावर परतणाऱ्याची पहिली नोकरी टिकेलच असे नसते, आणि नोकरीबरोबर तो विमाही जातो.

तिकडे जन्मलेल्या मुलांचे कागदपत्र सावकाश बसून तपासावेत. जन्मदाखल्यावर अपोस्टिल (तो खरा असल्याचे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणपत्र) लागते, आणि ते ज्या राज्यात जन्म झाला त्याच राज्याकडून मिळते. पुण्यातून ते मिळवणे फार जिकिरीचे आहे. लसीकरणाची नोंद आणि शाळेचे प्रगतिपुस्तक सहीशिक्क्यासह घ्यावे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना आल्याबरोबर आधारसाठी अर्ज करता येतो. ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाच्या, पण परदेशी नागरिक असलेल्या) मुलाला मात्र मागील १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात वास्तव्य झालेले असावे लागते. मूल डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावे असे मनात असेल, तर हेही आताच जाणून घ्या : ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या परीक्षांतून ओसीआय विद्यार्थी फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांसाठी पात्र ठरतात; मात्र त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना हे बंधन लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. मुलाच्या कार्डावरची तारीख पाहूनच पुढचे बेत आखावेत.

भाड्याचे घर घेताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करून घ्या. महाराष्ट्रात ती कायद्याची अट आहेच, शिवाय बँक, गॅस आणि शाळा या तिन्ही ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद पुढे करावा लागतो.

शेवटचे काम पालकांना किरकोळ वाटते, मला तसे वाटत नाही. महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत, मग मंडळ कोणतेही असो, २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे. आमचा मुलगा घरात उत्तम मराठी बोलत असे, म्हणून मी निर्धास्त होते. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे बसथांब्यावर उभे होतो. बस आली, त्याने पाटीकडे पाहिले आणि मला विचारले, "आई, ही आपली आहे का?" आकडा देवनागरीत होता. आजीशी तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या माझ्या मुलाला ५ आणि ६ ओळखता येत नव्हते, आणि ही उणीव मी १० वर्षांत भरून काढली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले. पाचवीचे पहिले सत्र त्याने बाराखडी गिरवण्यात घालवले, बाकीची मुले निबंध लिहीत असताना. तुमच्या हाती अजून वर्ष-सहा महिने असतील, तर रोज २० मिनिटे मुलाला शेजारी बसवून वाचायला लावा, आणि सुरुवात आकड्यांपासून करा.