तुम्ही विचारलंत म्हणून: देवळं बंद होती, मग उपयोग काय झाला?

पुण्याची नणंद आली की विचारते, मुलीच्या सासरचे आले तेव्हा त्यांनी विचारलं, आणि मागे मंगेशीला भेटलेल्या एका काकूंनी तर तोंडावरच विचारलं, की अहो तुमच्या गोव्यातल्या फोंड्यात पावलोपावली देवळं, जरा पलीकडे गेलं की चर्च, मग कोविडमध्ये सगळ्यांनी दारं लावून घेतली तेव्हा त्यांचा लोकांना उपयोग काय झाला? मी दर वेळी "झाला हो थोडाफार" म्हणून चहाचा कप पुढे करते. आज जरा नीट सांगते.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आमच्याकडे संपलाच नाही, लांबतच गेला, आणि पहिले काही दिवस तर किराण्याची दुकानंसुद्धा बंद. आमच्या घरात उकडे तांदूळ, नारळ, थोडं सुकं होतं म्हणून भागलं. पण गावात भाड्याच्या खोल्यांत राहणारे, कुंडई-बेतोड्याच्या फॅक्टऱ्यांत जाणारे, रोज आणून रोज खाणारे, त्यांचं काय?

देवस्थान मदतीला तयार होतं, खोटं कशाला बोलू. जत्रेची मोठी तपेली होती, अग्रशाळेचं (देवळाच्या धर्मशाळेचं) स्वयंपाकघर होतं, मुंबईच्या महाजनांनी दोन दिवसांत पैसे पाठवले. अडलं ते यादीपाशी. देवस्थानाकडे यादी एकच, महाजनांची. (बाहेरच्यांसाठी सांगते, महाजन म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरेनं सभासद, त्याचा १९३३ चा पोर्तुगीज काळातला कायदा अजून चालतो.) आता त्या यादीतले निम्मे राहायला मुंबईला, आणि गावात उरलेले आमच्यासारखे, घरात तांदळाचं पोतं असलेले. पहिल्या दिवशी खिचडी केली ती पोरं घेऊन गेली महाजनांच्याच वाड्यावर, लोकांनी "कशाला रे, आमच्याकडे आहे" म्हणून परत पाठवली, आणि अर्धं तपेलं तसंच शिल्लक. मैलभरावरच्या खोल्यांत लोक उपाशी. मला अजून राग येतो, पण ती यादी हातात घेऊन फिरणाऱ्यांत आमचे हेही होते, म्हणून फार बोलत नाही.

चर्चवाल्यांचं यात बरं होतं. त्यांच्यात वाड्यावाड्याचे गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाला एक पुढाकार घेणारी बाई, कोण आजारी, कोणाची सून बाळंत, कोणाचा मुलगा बोटीवर, सगळं तिला तोंडपाठ. आमच्या शेजारची तिया तसलीच. तिचा स्वतःचा मुलगा क्रूझवर अडकलेला, १२ एप्रिलचं ईस्टरचं मीस (चर्चमधली प्रार्थना) तिनं मोबाईलवर बघितलं, डोक्यावर ओढणी घेऊन, खुर्चीत ताठ बसून, चर्चमध्ये बसल्यासारखी. आणि रोज रात्री या गटातल्या बायका फोनवर एकत्र तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायच्या. तेर्स संपला की खरं काम सुरू, कोणाच्या प्रेशरच्या गोळ्या संपल्या, कोणाचा गॅस संपला, कोण दोन दिवस फोन उचलत नाही. मी तियाला म्हटलं, तुझ्या तेर्सापेक्षा नंतरची दहा मिनिटं कामाची. ती म्हणाली, तेर्स नसता तर रोज फोन कोणी केला असता गो? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

पण भाडेकरू तिच्याही यादीत नव्हते. ते होते पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याच्या, डोक्यात.

इतक्या दिवसांनी एका सकाळी सायकलचा पों पों आला तेव्हा मला खरंच रडू आलं, पावासाठी नव्हे, कोणीतरी रस्त्यावर आहे म्हणून. पोदेर मूळचा बेळगावकडचा, पण कोणत्या दारात किती पाव लागतात ते त्याला बरोबर माहीत. आठ घेणारे आता दोनच घेतात आणि तेही उधारीवर, हे त्याच्याशिवाय कोणाला कळणार? मग मी नि तिया फाटकापाशी लांब लांब उभ्या, तोंडाला ओढण्या बांधलेल्या, तो सांगतोय नि मी मुलीच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर लिहितेय, चाळीसच्या वर घरं निघाली. नावं त्यालाही येत नव्हती, म्हणून "विहिरीमागची खोली, दोन भाऊ", "काजूच्या झाडाकडची, लहान मूल" असं. खिचडी बंद करून कोरडा शिधा द्यायचं ठरलं तेही त्याच्यामुळे, त्यांच्याकडे शेगडी आहे, मसाला त्यांच्या पद्धतीचा हवा, तुमची फिकी खिचडी त्यांना जात नाही म्हणाला. पैसे देवस्थानाचे, बांधणं आमचं, वाटायला चर्चची पोरं.

बेतीच्या गुरुद्वारातलं जेवण, कारितास या चर्चच्या संस्थेचं रेशन, ही मोठी कामं, पेपरात आली. मी गावापुरतंच सांगतेय.

सणांचं विचाराल तर त्या वर्षी गंमतच झाली. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) आणि शिरगावची लईराई देवी लोककथेत सख्ख्या बहिणी, २०२० ला एकीचं फेस्त (चर्चचा सण) २७ एप्रिलला आणि दुसरीची जत्रा २८ ला, दोघी एकदमच लॉकडाऊनमध्ये सापडल्या. आमच्या ओळखीच्या एका धोंडानं, म्हणजे लईराईच्या व्रतस्थ भक्तानं, व्रताचे दिवस घरीच काढले, वेत कोपऱ्यात उभा करून.

माझं माहेर वास्को. तिथला दामोदराचा भजनी सप्ताह सुरूच मुळी साथीतून झाला असं सांगतात, सव्वाशे वर्षांमागे गावात प्लेग आला, लोकांनी जांबावलीहून दामोदराचं श्रीफळ आणलं आणि अहोरात्र भजन धरलं. २०२० ला जूनपासून वास्कोतला मांगोर हिलचा भाग बंदिस्त, भाऊ तिकडचाच, आणि जुलैत सप्ताह आला तो फेरीशिवाय (दुकानांच्या जत्रेशिवाय), गर्दीशिवाय. भाऊ फोनवर म्हणाला, पणजोबांनी साथ आली म्हणून गर्दी केली, आम्ही साथ आली म्हणून मोडली, देवानं कोणाचं ऐकायचं?

गणेश चवथीला भटजींनी पूजेची ऑडिओ पाठवली, "आता थांबा, फुलं वाहा" वगैरे. मधेच ते रेकॉर्डिंगमध्ये खोकले. आमच्या घरात आरती राहिली बाजूला, आधी त्यांना फोन. घसा बसला होता म्हणे, एका दिवसात तीस घरांसाठी तेच तेच बोलून.

२०२१ चा मे मी लवकर संपवते. गोव्यात तेव्हा जवळजवळ निम्म्या टेस्ट पॉझिटिव्ह येत होत्या. तेव्हा शिधा कोणाला नको होता, माणसं हवी होती, सिलिंडर उचलायला, स्मशानात जायला. आमचे चुलत दीर गेले. तीस वर्षं त्यांच्याबरोबर भजनाला बसलेल्या मंडळातला एकच आला, पखवाजवाला, बाकी कोणी नाही. त्यांची भीती मला कळते, माझ्या घरातलेही दारातूनच हात जोडून आत आले होते. तरी एकादशीला ते सगळे टाळ घेऊन बसले की माझं लक्ष एकट्या पखवाजाकडेच जातं.

आणि ती वही. गेल्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहाच्या वर्गणीला माणसं कमी पडली तेव्हा कमिटीतल्या कोणाला तरी ती आठवली, येऊन घेऊन गेले. म्हणजे महाजनांच्या यादीत ज्यांना कधी जागा नव्हती ते वर्गणीच्या यादीत बरोबर बसले. मी ह्यांना तसं म्हटलंही, ते हसले नाहीत. विहिरीमागच्या खोलीतल्या दोघा भावांपैकी धाकट्यानं एकशे एक रुपये दिले आणि पावती मागितली. पावतीवर घालायला म्हणून तेव्हा आम्ही पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं.