मोतुतीच्या वेदीसमोर

होकियांगा ही न्यूझीलंडच्या उत्तर भागात जमिनीत खोलवर शिरलेली खाडी आहे. रावेने गावाहून फेरीबोटीत गाडी घालून ती ओलांडली की कोहुकोहूच्या बाजूचा काठ लागतो आणि तेथून पश्चिमेकडे जाणारा रस्ता मोतुती या माओरींच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, छोट्या वस्तीपर्यंत नेतो. जुन्या इमारतींची लेझर स्कॅनरने मोजणी करून त्यांचे आराखडे तयार करणे हा माझा व्यवसाय असून, त्याच कामासाठी मी व माझा सहकारी येथील संत मारियेच्या चर्चमध्ये, गावकऱ्यांच्या भाषेत ‘हाता मारिया’मध्ये, गेलो होतो. लहानशी, लाकडी, पांढऱ्या रंगाची ही वास्तू यंत्राच्या हिशेबाने दुपारपर्यंत सहज मोजून व्हावी. प्रत्यक्षात दुपार झाली तरी आमचा स्कॅनर पेटीतच होता, आणि ते योग्यच होते असे मला आजही वाटते.

कामाआधी आम्हाला मराएवर, म्हणजे गावाच्या सभास्थानी, रीतसर प्रवेश घ्यायचा होता. वयस्क स्त्रीची साद, मग यजमानांचे भाषण, त्यावर आमच्या बाजूचे उत्तर, आणि उत्तरानंतर गाणे, असा तेथील क्रम आहे. सहकाऱ्याने भाषणाचा भार उचलला आणि गाणे माझ्याकडे आले. मी वसईत लहानपणापासून मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य सामूहिक उपासनेच्या, वेळी म्हणत आलेले मारियेचे एक मराठी गीत म्हटले. कपाळ व नाक टेकवून अभिवादन झाल्यावर चहा घेताना एक आजीबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मी कॅथलिक आहे का, असे त्यांनी विचारले. होकार मिळताच त्यांनी चर्चची हकिकत सांगायला सुरुवात केली, आणि ती बिशपपासून नव्हे, तर एका आईपासून.

थॉमस पॉइंटन हा आयरिश लाकूड व्यापारी होकियांगाच्या काठी राहत असे. त्या काळी संपूर्ण देशात एकही कॅथलिक धर्मगुरू नव्हता. त्यामुळे त्याची पत्नी मेरी हिने आपल्या मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी तान्ह्या बाळाला घेऊन समुद्रमार्गे सिडनी गाठली, आणि हा दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतराचा प्रवास तिने दोनदा केला. बिशप जाँ-बाप्तिस्त फ्राँस्वा पोंपालिए १० जानेवारी १८३८ रोजी होकियांगात उतरले, तेव्हा या दांपत्याचेच घर त्यांना मिळाले, आणि १३ जानेवारीला टोटारा पॉइंट येथील त्याच घरात त्यांनी मिस्सा अर्पण केली. न्यूझीलंडची कॅथलिक ख्रिस्तसभा आपला आरंभ या मिस्सेपासून मोजते. आजीबाई हे सारे इतक्या जवळिकीने सांगत होत्या, की मेरी पॉइंटन त्यांच्याच शेजारची वाटावी.

पुढच्या वर्षी पोंपालिए यांनी मुख्य ठाणे पूर्व किनाऱ्यावरील कोरोरारेका येथे नेले. १८४१-४२ मध्ये फ्रेंच मिशनऱ्यांनी तेथे आपल्या फ्रान्समधील ल्यों शहराकडच्या पद्धतीने ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंतींचा छापखाना उभारला, पुस्तकांच्या बांधणीसाठी लागणारे कातडे कमावण्याची सोय केली आणि माओरी भाषेत प्रार्थनापुस्तके छापली. ही वास्तू आजही उभी आहे, आणि मातीच्या बांधकामाचा अभ्यास करणाऱ्या कोणीही ती पाहिल्याशिवाय राहू नये. परंतु मोतुतीत बसून ऐकताना मला त्या भिंतींपेक्षा त्यांतून बाहेर पडलेली पुस्तके अधिक महत्त्वाची वाटू लागली. धर्मगुरू थोडे आणि वस्त्या दूरदूर विखुरलेल्या, अशा स्थितीत गावोगावच्या माओरी प्रार्थनाचालकांनी माओरी भाषेतील प्रार्थना म्हणत आणि शिकवत श्रद्धा टिकवून ठेवली. चर्चच्या इतिहासात या लोकांना मिळते त्याहून बरीच मोठी जागा मिळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोंपालिए १८६८ मध्ये फ्रान्सला परतले आणि २१ डिसेंबर १८७१ रोजी पॅरिसजवळच्या प्युतो येथे निवर्तले. तेथेच त्यांचे दफन झाले. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर न्यूझीलंडचे एक शिष्टमंडळ, ज्यात माओरी वडीलधारे होते, फ्रान्सला गेले. जानेवारी २००२ मध्ये कबर उघडून बिशपांच्या अस्थी काढण्यात आल्या, आणि अस्थी न्यूझीलंडला आणल्यावर एका धर्मप्रांतातून दुसऱ्या धर्मप्रांतात अशी त्यांची दीर्घ यात्रा निघाली. वाटेत लोक त्यांच्याजवळ बसत, बोलत, रडत. घरच्या मृत माणसाला माओरी माणूस जसा निरोप देतो, तसाच निरोप लोकांनी बिशपांना दिला. २० एप्रिल २००२ रोजी मोतुतीच्या या चर्चमध्ये, वेदीखाली, त्यांना विसावा देण्यात आला. ऑकलंडमध्ये भव्य कॅथीड्रल असताना त्यांच्यासाठी होकियांगाची निवड झाली, कारण ते प्रथम येथे आले होते. ‘ते आमचे आहेत,’ एवढेच आजीबाई म्हणाल्या.

दुपारी आम्ही चर्चमध्ये शिरलो. आमच्या पाण्याच्या बाटल्या आणि खाण्याचा डबा आजीबाईंनी दाराबाहेर ठेवायला लावला, कारण जेथे मृत व्यक्ती आहे तेथे खाणेपिणे नेत नाहीत. मी पूर्वी वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये मोजणी केली आहे. तेथे जमिनीतच पोर्तुगीज अक्षरांच्या कबरशिळा आहेत आणि त्यांवरून चालत जाणे मला कधी वावगे वाटले नव्हते; शिळा हा माझ्यासाठी फरशीचा एक भाग होता. मोतुतीत मात्र वेदीसमोर तिवई कोठे ठेवायची, हा प्रश्न जिवंत माणसाच्या खोलीत आपण कोठे बसायचे, या प्रश्नासारखा सोडवावा लागला. आजीबाईंनी आधी माओरीत प्रार्थना केली, मग आम्ही कोण आणि कशासाठी आलो आहोत, हे बिशपांना सांगितले, आणि त्यानंतर स्वतःच एका जागेकडे बोट दाखवले. तिवईच्या टोकदार पायांखाली त्यांनी घडी घातलेले जाड कापड ठेवले. यंत्र फिरू लागल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे बाहेर गेलो. त्या आतच बसून राहिल्या आणि स्कॅनच्या बिंदूंमध्ये पहिल्या बाकावर त्यांची आकृती स्पष्ट उमटली. एरवी अशी आकृती मी आराखडा स्वच्छ करताना पुसून टाकतो.

खरा पेच कार्यालयात परतल्यावर उभा राहिला. हे चर्च १८९९ मध्ये पुराकाउ येथे बांधले गेले आणि १९२२ मध्ये तेथून मोतुतीला हलवले गेले. जतनशास्त्राचा पाया मानली जाणारी १९६४ ची व्हेनिस सनद वास्तूला तिच्या जागेपासून अविभाज्य मानते, आणि आमच्या नोंदणीच्या नमुन्यातही स्थलांतर हा अस्सलपणातील उणेपणा म्हणून भरला जातो. मला तो रकाना तसा भरणे पटेना. ज्या समाजाने आधी आपले चर्च उचलून आणले आणि ऐंशी वर्षांनी आपला बिशप उचलून आणला, त्याच्या बाबतीत हलवणे हा वारशाला लागलेला डाग कसा म्हणता येईल? पुराकाउ ते मोतुती हा प्रवास इमारतीच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तिच्या फळ्यांइतकाच तो जपण्यासारखा आहे. मी रकान्यात दोन्ही ठिकाणे लिहिली आणि स्थलांतराला महत्त्वाच्या घटनांच्या यादीत, २००२ च्या दफनाच्या शेजारी, स्थान दिले.

वरिष्ठांनी शेरा मारून कारण विचारले. मी सविस्तर टिपण जोडले आणि चर्चेनंतर ती नोंद कायम राहिली. वेदीखालच्या भागाचा तपशील मात्र गावाच्या इच्छेनुसार आराखड्यात काढलेला नाही. तेथे रेषा थांबतात आणि शेजारी इतकेच लिहिले आहे, की या जागेविषयी मराएकडे विचारणा करावी. पहिल्या बाकावरची आकृती मी पुसली नाही. स्कॅनची मूळ प्रत, तिच्यासह, मोतुतीला पाठवली आहे.