सिंकखालचं कपाट: भाडेकरू गेल्यानंतरचे पाच आठवडे

किल्ली हातात घेतली तेव्हा मी घर नीट बघितलंच नाही. सामान आधीच गाडीत चढलं होतं, त्यांचं लहान मूल कंटाळून रडत होतं. मी दारातच उभी राहून "सगळं ठीक ना?" विचारलं, त्या "हो ताई" म्हणाल्या आणि आम्ही एकमेकींचा निरोप घेतला. तीन वर्षं राहिलेली माणसं, भाडं कधी चुकवलं नव्हतं. खोल्या उघडून बघत बसणं मला अवघड वाटलं. पुढे जे काही निस्तरावं लागलं, त्यातलं बरंचसं या अवघडलेपणापायी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि आधी वास आला. ओल्या गोणपाटासारखा, कोंदट. हॉलच्या भिंतीवर पेन्सिलीच्या आणि खडूच्या रेघोट्या होत्या, त्या लगेच दिसल्या. बेडरूमच्या दाराला आतून मुठीएवढा खड्डा होता. भिंतीतली खिळ्यांची भोकं मात्र मला आधी दिसलीच नाहीत. संध्याकाळी बॅटरी भिंतीला लावून आडवा उजेड टाकला तेव्हा एकेक ठिपका उठून दिसायला लागला. कुणीतरी ती टूथपेस्टने बुजवली होती.

वास येत होता स्वयंपाकघरातून. सिंकखालच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि ढकललं तरी बसत नव्हतं, कारण खालची फळी फुगून पावासारखी वर आली होती. तिच्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद उचलला तर खाली काळी बुरशी, आणि मागच्या भिंतीला हात लावला तर बोटांना ओला भुगा लागला. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोबाइलमध्ये भाडेकरूंना लांबलचक मेसेज लिहायला घेतला. त्यातला शब्दन् शब्द रागाचा होता.

तो मेसेज पाठवला नाही, याचं श्रेय माझ्या मैत्रिणीला. ती बरीच वर्षं घरं भाड्याने देते. फोनवर तिने पहिलं वाक्य टाकलं, "काहीही पुसू नकोस, हलवू नकोस, आधी फोटो काढ." प्रत्येक गोष्टीचे दोन फोटो: एक लांबून, म्हणजे खोली कुठली ते कळतं, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. मग तिने विचारलं, "ते राहायला आले तेव्हाचे फोटो आहेत का?" होते. 11 फोटो. सगळे छान उजेडात काढलेले, घर भाड्याने द्यायचं म्हणून जाहिरातीसाठी. एकाही फोटोत कपाटाच्या आतलं काही नव्हतं, दारामागची बाजू नव्हती.

इतर सल्लेही मिळाले. त्यांच्या दोन पेट्या माळ्यावर राहिल्या होत्या. एकाने सांगितलं, पैसे मिळेपर्यंत त्या देऊ नका. मी त्या लगेच नेऊ दिल्या. दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवली की आपली बाजू खरी असूनही आपणच अडचणीत येतो, आणि मुळात ते वागणंच मला पटत नाही.

चौथ्या दिवशी त्या दोघांना घरी बोलावलं. मेसेज साधाच केला: "घर आपण एकत्र बघू या, डिपॉझिटचा हिशोब समोरासमोर होईल." मी वहीत यादी करून ठेवली होती: वस्तू, आता काय स्थिती, आधी काय स्थिती होती त्याचा पुरावा. पहिली दहा मिनिटं फार वाईट गेली. ते म्हणत होते की अर्ध्या गोष्टी आधीपासूनच तशा होत्या. बाथरूमच्या आरशाला कोपऱ्यात तडा होता, तोही मी यादीत धरला होता. त्यांनी मोबाइलमध्ये राहायला आल्या दिवशीचा व्हिडिओ शोधून काढला. तडा तेव्हाही होता. मी त्यांच्या समोरच ती ओळ खोडली. त्यानंतर बोलण्याचा सूरच बदलला. आणि त्याच व्हिडिओत पुढे स्वयंपाकघर होतं, त्यांच्या मुलाने सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं आणि धाडकन लावलं. दार व्यवस्थित बसत होतं. कुणीच काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती.

मला या सगळ्यात सगळ्यात अवघड गेलं ते वापराने होणारी झीज आणि नुकसान वेगळं करणं. रागात सगळंच नुकसान वाटतं. रंग फिका पडणं, खाटेच्या जागी फरशीवर पुसट चरे, नळाची चकाकी जाणं, ही झीज. तीन वर्षं कुणीही राहिलं असतं तरी ती झाली असती, आणि भाडं आपण त्याचंच घेतो. दाराला पडलेला खड्डा ही झीज नाही. खिळ्यांच्या भोकांवरून आमचं थोडं वाजलं. चार-पाच भोकं मी सोडून दिली, पण एका भिंतीवर ड्रिलने पाडलेली 14 होती, त्यांचे पैसे धरले.

वस्तूचं वय बघायचं हेही मला तेव्हाच कळलं. हॉलचा रंग ते आले त्याच महिन्यात दिलेला होता. रंग 5 वर्षं टिकतो असं आम्ही दोघांनी मिळून धरलं. 3 वर्षं झाली होती, म्हणजे रेघोट्यांच्या भिंतीच्या खर्चातले 40 टक्केच त्यांच्याकडून. जुन्या कपाटाच्या जागी नवं कपाट भाडेकरूच्या पैशाने मिळवणं हा न्याय नाही.

कपाटाचा हिशोब प्लंबरमुळे सुटला. त्याने सिंकखालच्या पाइपचा नट दाखवला. त्याच्याभोवती पांढऱ्या क्षाराचा जाड थर होता. थेंब-थेंब पाणी येऊन सुकत राहिलं की क्षार मागे उरतात. हे एका रात्रीतलं काम नाही, महिनोन्‌महिन्यांचं आहे, असं त्याने सांगितलं. आतला वॉशर कडक होऊन चिरला होता. वॉशर जुना होणं ही जबाबदारी माझी. गळतीखाली प्लास्टिक अंथरून गप्प बसणं ही त्यांची. ते कपाट भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं. असा बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की वाळला तरी मूळ आकारात येत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न नव्हता. कपाटाचं आयुष्य 10 वर्षं धरलं, 6 झाली होती. उरलेल्या 40 टक्क्यांचे आम्ही निम्मे-निम्मे केले.

सुताराकडून आणि रंगाऱ्याकडून दोन-दोन लेखी अंदाज घेतले, कमी रकमेचा हिशोबात धरला. ज्या रकमेबद्दल वाद नव्हता ती डिपॉझिटमधून लगेच परत केली, उरलेली कामाच्या पावत्या आल्यावर. पूर्ण डिपॉझिट दाबून ठेवून बोलणी केली असती तर ती झालीच नसती.

एक चूक मात्र माझी मलाच महागात पडली. ओली भिंत पूर्ण वाळू द्या, मगच लांबी (पुट्टी) आणि रंग, असं रंगारी सांगत होता. नवीन भाडेकरूंना तारीख दिली होती म्हणून मी घाई केली. दोन आठवड्यांत त्या भिंतीवर फोड आले, पोपडे सुटले आणि आतून पांढरी पूड बाहेर आली. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं. तो दुसरा खर्च मी कुणाच्याही नावावर टाकला नाही.

शेवटची सही करायला त्या एकट्याच आल्या होत्या. कागद झाल्यावर मी विचारलं, "गळतंय हे मला का नाही सांगितलंत? एका फोनचं काम होतं." त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ताई, पहिल्या वर्षी खिडकीची कडी तुटली तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही लगेच पुढच्या भाड्यात पैसे लावलेत. मग हे म्हणाले, आता काही सांगायला नको."

मला ती कडी आठवतही नव्हती. घरी येऊन जुन्या हिशोबाची वही काढली. नोंद होती, माझ्याच अक्षरात. कडी खिडकीबरोबरच बसवलेली, म्हणजे ते राहायला येण्याच्या कितीतरी आधीची. तेवढी रक्कम मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या खात्यात टाकली आणि कशाची ते लिहून कळवलं.