अष्टमीची ओहोटी, पाडव्याची ओहोटी

आमच्या कार्यालयात तयार होणाऱ्या प्रत्येक किनारी अहवालाला एक जीवसूची जोडलेली असते आणि तिच्यातील ‘प्रवाळ’ या ओळीपुढे बहुतेक वेळा ‘आढळले नाही’ एवढेच लिहिलेले असते. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ कुठून येणार, असे वाचणाऱ्याला वाटते आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही. मी सागरी जीवशास्त्रज्ञ म्हणून एका सल्लागार कंपनीत कंत्राटावर काम करते. किनाऱ्यावर भिंत, रस्ता किंवा धक्का बांधायचा असेल, तर तिथे आधीपासून कोण राहते याची पाहणी करून नोंद करणे, हे माझे काम. पश्चिम उपनगरातील एका कोळीवाड्यालगतच्या खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सपाट खडकावर, भराव घालून संरक्षक भिंत आणि तिच्यावर फिरण्यासाठी पदपथ बांधण्याचा प्रस्ताव होता. जागेचे नाव मी मुद्दाम देत नाही. खडकावरचे जिवंत प्रवाळ फोडून घरच्या काचपेटीत ठेवणारे हौशी लोक या शहरातही आहेत.

पाहणी दुसऱ्याच चमूने केली होती आणि अहवालाचा मसुदा माझ्याकडे फक्त वाचून सही करण्यासाठी आला होता. मसुद्यात तसे खोटे काहीच नव्हते. मोजणीच्या चौकटी टाकल्या होत्या, छायाचित्रे काढली होती, शिंपले, खेकडे, बार्नेकल यांची मोजदाद नीट केली होती. मला खटकली ती पाहणीची तारीख. पंचांगात पाहिले तर त्या दिवशी अष्टमी होती.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी थोडे सविस्तर सांगते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब मुंबईच्या किनाऱ्यालाही बऱ्यापैकी लागू पडतो. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास, भर दुपारी. कार्यालयातून दहाला निघून अकराला किनारा गाठावा, बारा वाजता ओहोटीच्या टोकाला काम करावे आणि दोनला जेवायला परत यावे, यासाठी अष्टमीइतका सोयीचा दिवस नाही. मात्र अष्टमीची ओहोटी भांगाची असते. पाणी मागे सरते, पण फारसे सरत नाही. मुंबई बंदरात भांगाच्या ओहोटीला पाण्याची सरासरी पातळी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे सागरी नकाशात खोली मोजण्यासाठी धरलेल्या पातळीपासून, १.८६ मीटर वर असते, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला ती ०.७६ मीटरपर्यंत उतरते. फरक १.१० मीटरचा. आपला बेसाल्टचा खडप इतका सपाट आहे की, चाळीस मीटर चालल्यावर जिथे एक मीटर उतार लागतो, तिथे या अडीच हातांपेक्षा थोड्या कमी फरकामुळे खडकाचा चव्वेचाळीस मीटर रुंदीचा पट्टा एका पंधरवड्यात उघडा पडतो आणि झाकलाही जातो. उधाणाची ओहोटी मात्र सकाळी सहा-सातला किंवा संध्याकाळी सहा-सातला येते, म्हणजे नेमकी कार्यालये बंद असताना.

प्रवाळ त्याच खालच्या पट्ट्यात असतात. अष्टमीच्या दुपारी केलेली मोजणी कितीही प्रामाणिक असली, तरी ती त्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबते.

मी हे आमच्या सरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “पाहणी ओहोटीच्या वेळी करायची असते, ती ओहोटीच्या वेळीच केली आहे. आता त्यात काय राहिले?” त्यांचा मुद्दा कागदावर बरोबर होता. मग मी त्यांना किनारी रस्त्याची आठवण करून दिली. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतच्या १०.५८ किलोमीटरच्या त्या प्रकल्पाची सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ रोजी रद्द केली होती. पुढे १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले, हे खरे. पण मधले पाच महिने भराव थांबला होता. त्यानंतर हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरील प्रवाळांच्या अठरा वसाहती वन विभागाची परवानगी घेऊन २०२० च्या नोव्हेंबरमध्ये हलवाव्या लागल्या. हाजी अलीला आणि वरळीला जे प्रवाळ होते, ते आपल्या खडपावर नसतीलच असे आपण सही करून कसे सांगणार, असे मी विचारले. निसर्गाच्या बाजूने बोलण्यापेक्षा काम थांबण्याच्या भीतीच्या बाजूने बोललेले आमच्या व्यवसायात लवकर पटते, हा माझा अनुभव आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. सरांनी पंचांग मागवले आणि मग कपाळाला हात लावला. उधाणाची पुढची चांगली ओहोटी गुढीपाडव्याच्या सकाळी होती.

पाडव्याला, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही अंधारातच खडपावर पोहोचलो. मी, प्रबंधासाठी काम शिकायला आलेली एक विद्यार्थिनी आणि प्रकल्पाच्या वतीने पाठवलेला एक तरुण अभियंता, जो सण बुडाल्याची नाराजी लपवत नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये, विषुवदिनाच्या आगेमागे, उधाण जास्त जोराचे असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकात त्या सकाळची पातळी सरासरी उधाणाच्या ओहोटीपेक्षाही खाली दाखवली होती. सातच्या सुमारास पाणी तळाला जाणार होते. त्याच्या आधीची आणि नंतरची मिळून जेमतेम तासाभराची वेळ आमच्या हातात होती, कारण पाणी वळले की सपाट खडपावर ते चालत्या माणसाच्या मागे लागते.

कोळीवाड्यातील एक मावशी कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले, काढण्यासाठी आमच्याही आधी येऊन बसल्या होत्या. मी त्यांना पाहणीचे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मागल्या वेळी तुमची मानसं आली व्हती. भांगाला येऊन काय दिसनार गो पोरी?” एवढे बोलून त्यांनी हातातल्या हत्याराने दक्षिणेकडची खडकांची रांग दाखवली. तिकडच्या कपारींना दगडासारखे काहीतरी कडक चिकटलेले असते, कालव समजून घाव घातला की हत्याराची धार जाते, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी आम्ही मोजणीची फीत कुठून टाकायची हे मी आराखड्यावरून ठरवले होते. मावशींचे ऐकल्यावर मी एक फीत आराखड्याप्रमाणे ठेवली आणि दुसरी त्या रांगेपासून पाण्याच्या काठापर्यंत टाकली.

वरचा पट्टा ओळखीचाच होता: बार्नेकलचा खरखरीत थर, त्याच्या खाली कालवांची दाट वस्ती, फटींमध्ये बसलेले खेकडे. पाणी उतरत गेले तसा खडकाचा रंग पालटला आणि झोअँथिड या प्रवाळांच्या नात्यातल्या प्राण्यांचे हिरवट गालिचे सुरू झाले. मुंबईच्या खडकांवर ते विपुल आहेत. नवशिक्या माणसाची पहिली फसगत इथेच होते, कारण लांबून तेही प्रवाळच वाटतात. पण झोअँथिड मऊ असतात, त्यांना चुन्याचा सांगाडा नसतो आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये त्यांचा समावेशही नाही. त्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे एका हाताच्या अंतरावर असलेल्या दोन सजीवांपैकी एकाला वाघाइतके संरक्षण आणि दुसऱ्याला काहीच नाही. ही विभागणी मला कधीच पटलेली नाही, पण नोंद तिच्याप्रमाणेच करावी लागते.

पहिली वसाहत विद्यार्थिनीला दिसली. तळहाताएवढी, राखाडी, खडकाला पसरट चिकटलेली आणि जवळून पाहिल्यावर एकमेकांना लागून असलेल्या बारीक खळग्यांची, प्रत्येक खळग्याच्या काठाला पांढरट रेघांचे वर्तुळ. मी गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिले आणि हात लावू नको असे तिला सांगितले. या शहराच्या खडकांवर नोंदला गेलेला फॉल्स पिलो कोरल हा प्रवाळ असाच दिसतो. गाळ, लाटांचा मार आणि रोज काही काळ उघडे पडणे हे सगळे तो सोसतो. स्वच्छ, निळ्या पाण्यातल्या प्रवाळांची चित्रे पाहून तयार झालेल्या डोळ्याला तो प्रवाळ वाटतच नाही, आणि मला वाटते, जीवसूचीतील ‘आढळले नाही’मागे जितकी अष्टमी आहे तितकीच ही चित्रेही आहेत. त्यानंतर मात्र आम्हाला नजर बसली. पुढच्या अर्ध्या तासात कपारींच्या सावलीत आणि खडकांतील डबक्यांच्या काठाने आणखी वसाहती सापडल्या. काही रुपयाच्या नाण्याएवढ्या, काही ताटलीएवढ्या. प्रत्येकीजवळ मोजपट्टी ठेवून छायाचित्र, जीपीएसची नोंद, पाण्याच्या काठापासूनचे अंतर, खडकाची दिशा, एवढे लिहून घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवल्यामुळे कपारींचा शेवटचा भाग पाहायचा राहिला. पण अर्धवट नोंदी घेऊन परत येण्यापेक्षा ते बरे, असे मी मानते.

अभियंता एव्हाना बूट काढून आमच्याबरोबर पाण्यात उतरला होता. त्याने भिंतीचा आराखडा मोबाइलवर उघडला, आमच्या नोंदी त्यावर टाकून पाहिल्या आणि विचारले, “मॅडम, हे उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत का? किनारी रस्त्याला ठेवले होते ना?”

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे होते. स्थलांतर करता येते. कायद्यात त्यासाठी परवानगीची तरतूद आहे. पण खडकाला पसरट चिकटून वाढणारी वसाहत हलवायची तर तिच्याखालचा खडकही कापावा लागतो. नवी जागा पाण्याच्या त्याच पातळीवर, तेवढ्याच गाळाची, तेवढ्याच लाटांची आणि पुढच्या प्रकल्पाच्या वाटेत न येणारी शोधावी लागते. ही शेवटची अट मुंबईत सर्वांत अवघड. शिवाय हलवले जाते ते अनुसूचीतले. त्याच कपारीतले स्पंज, झोअँथिड, गोगलगाई, खेकड्यांची पिल्ले आणि मावशींची कालवे यांना कोणी हलवत नाही. ती भरावाखाली जातात आणि अहवालात ‘प्रवाळांचे यशस्वी स्थलांतर’ असे लिहिता येते. मी हे सगळे त्याला पाण्यात उभ्या उभ्या सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले की भिंतच मागे घेतली तर किती मागे घ्यावी लागेल. त्या सकाळी ऐकलेला तो सर्वांत कामाचा प्रश्न होता.

पाणी वळल्यावर आम्ही वर आलो. मावशींची टोपली निम्मी भरली होती. आम्ही काय शोधले ते मी त्यांना छायाचित्रांवर दाखवले, तेव्हा त्यांनी ते आधीच माहीत असल्यासारखी मान हलवली आणि वेगळीच शंका काढली: “मंग आता सरकार आमचंच येनं बंद करील.” ही भीती निराधार नाही. वरळीच्या कोळ्यांना आपल्या होड्या समुद्रात न्यायला किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमध्ये पुरेशी जागा मिळावी म्हणून दीर्घकाळ झगडावे लागले, तेव्हा ६० मीटरचे अंतर १२० मीटर झाले. संरक्षणाच्या नावाने मासेमाराला आणि विकासाच्या नावानेही मासेमारालाच मागे सरकवले जाते, हे त्यांनी पाहिलेले आहे. कालवे अनुसूचीत नाहीत आणि प्रवाळ न फोडता ती काढण्याला कायद्याची हरकत नाही, असे मी सांगितले. पुढे कोणी कुंपण घालणार नाही याची हमी मात्र मी देऊ शकत नव्हते आणि दिली नाही. त्यांनी विद्यार्थिनीला मूठभर कालवे देऊ केली, सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊ नका म्हणाल्या.

खरी ओढाताण कार्यालयात झाली. आढळलेल्या वसाहती ‘तुरळक’ असल्याने त्यांचा उल्लेख परिशिष्टात करावा आणि मुख्य तक्ता होता तसाच राहू द्यावा, अशी सूचना आली. सीआरझेड अधिसूचनेनुसार प्रवाळ असलेला भाग सर्वांत संवेदनशील वर्गात, म्हणजे १-अ मध्ये मोडतो आणि तेथील बांधकामावर फार कडक निर्बंध आहेत, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे प्रवाळ मुख्य तक्त्यात येणे न येणे हा मांडणीचा प्रश्न नव्हता. मी दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले, एक अष्टमीचा आणि एक पाडव्याचा, आणि दोन्हींना एक नवा रकाना जोडला: पाहणीची तारीख, वेळ आणि त्या वेळची पाण्याची पातळी. पहिल्या चमूच्या कामावर मी एका शब्दाचीही टीका केली नाही. तशी गरजही नव्हती, कारण तो रकाना वाचणाऱ्याला ‘आढळले नाही’चा अर्थ आपोआप कळतो. दोन दिवसांच्या बोलाचालीनंतर सरांनी दोन्ही तक्ते ठेवले. रकाना काढावा असे एकाने सुचवले होते. तो काढला तर माझी सही नसेल, एवढेच मी म्हटले.

त्यानंतर अभियंत्याने सुधारित आराखडा पाठवला. दक्षिणेकडची भिंत त्याने जमिनीकडे मागे घेतली असून कपारींची रांग आता भरावाबाहेर आहे. उत्तरेकडे रस्ता अरुंद असल्याने भिंत मागे सरत नाही आणि आम्ही नोंदलेल्या दोन वसाहती अजूनही तिच्या पायाखाली येतात. त्या दोहोंच्या स्थलांतराचा प्रस्ताव वन विभागाकडे गेला आहे आणि उत्तर यायचे आहे. कपारींचा पाहायचा राहिलेला भाग पावसाळ्यापूर्वी पाहता यावा म्हणून मी वैशाखातल्या अमावास्येनंतरची सकाळ मागितली आहे. त्या दिवशी कार्यालयाला सुट्टी नाही, पण पाणी तळाला जाते तेव्हा कार्यालय उघडायला अडीच तास असतात.